पहिले बल्ब पाह्य

माझे मामा देवळी तालुक्यात शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या लुनावर मागे बसून शिवारभर फिरायचे. त्यांच्या पिशवीत पक्कड, पाने, इन्सुलेशन टेप आणि एक सिरीज बोर्ड असायचा. बोर्ड त्यांनी स्वतःच बनवलेला होता. लाकडी फळीवर होल्डर, त्यात शंभर वॅटचा बल्ब आणि दोन मोकळ्या वायरी. वायरींची टोकं मोटारीच्या वाइंडिंगला लावायची. बल्ब लागला तर वाइंडिंग सलग आहे, नाही लागला तर कुठेतरी तुटलंय.

एकदा उन्हाळी भुईमुगाला पाणी चालू असताना एकाची मोटार बंद पडली. मामांनी टोकं लावली, बल्ब लागला नाही. मी लगेच म्हणाले, “मोटर जळली.” शेतकरी मटकन धुऱ्यावर बसला. वाइंडिंग करायचं म्हणजे मोटार विहिरीवरून काढून देवळीला न्यायची, चार दिवस मोडायचे, पैसे घालायचे आणि तोवर पीक सुकताना पाहायचं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. आता तरी बल्ब लागायला हवा होता, पण तो लागला नाही. बल्बच गेलेला होता. पिशवीतला दुसरा बल्ब लावला तर वाइंडिंग ठणठणीत निघालं. दोष स्टार्टरमध्ये होता. अर्ध्या तासात पाटातून पाणी वाहू लागलं. परत येताना मामा म्हणाले, “पहिले बल्ब पाह्य. मंग मोटरले नाव ठेव.”

तेव्हा मी आठवीत होते. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले आणि ज्या कामात आयुष्याची बरीच वर्षं गेली, ते काम हेच निघालं. यंत्र ‘नाही’ म्हणतं तेव्हा त्या ‘नाही’चा अर्थ लावणं.

माझं काम पॅकेज बिल्ड करण्याचं. जगात कुठेतरी कोणी प्रोग्राम लिहितो आणि त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला ठेवतो. तो सोर्स ज्या यंत्रावर चालवायचा, त्या यंत्रावर त्याचं रूपांतर चालत्या प्रोग्राममध्ये करावं लागतं. पण यंत्रं सारखी नसतात. एकावर चित्रं वाचायची लायब्ररी असते, दुसऱ्यावर नसते. एकावर ती एका फोल्डरमध्ये असते, दुसऱ्यावर भलत्याच. पूर्वी हे फरक माणसाने हाताने सांगायचे. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये ‘मेक’ हे साधन केलं, त्याला द्यायच्या मेकफाइलमध्ये प्रत्येकाने आपापल्या यंत्राप्रमाणे फेरफार करायचे. जून १९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नू प्रकल्पातले बरेच प्रोग्राम सांभाळत होते. मेकफाइलमध्ये निवडायचे असे पर्याय वीसेकापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली आणि हे निवडणं यंत्रावरच सोपवलं. त्या स्क्रिप्टमधून ऑटोकॉन्फ जन्माला आलं. नंतर ऑटोमेक आलं, लिबटूल आलं. आजही हजारो पॅकेजांच्या सोर्समध्ये ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट असते, ती याच घराण्यातली.

या स्क्रिप्टची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. ती यंत्राचं नाव-गाव पाहून अंदाज बांधत नाही. ‘तुझ्याकडे अमुक फंक्शन आहे का’ हे जाणून घ्यायचं असेल, तर ती त्या फंक्शनचा दहा-बारा ओळींचा एक इवलासा प्रोग्राम लिहिते आणि तिथल्या कंपायलरला देते. तो कंपाइल झाला, तर पडद्यावर ‘येस’. नाही झाला, तर ‘नो’. अशा शंभर-दोनशे तपासण्या झाल्या की त्यांच्या उत्तरांवरून ती मेकफाइल तयार करते. मामांचा सिरीज बोर्डच हा. नाव विचारायचं नाही, वायर लावून पाहायचं.

आणि मामांच्या बोर्डाचा दोषही तिच्यात आहे. ‘नो’ हे उत्तर एकच, पण त्यामागची कारणं निराळी. ती वस्तू खरोखरच नसेल. वस्तू असेल, पण स्क्रिप्टला दिसत नसेल. किंवा वस्तू असेल, दिसतही असेल, पण तपासणीच मोडलेली असेल. पडद्यावर तिन्हींची अक्षरं सारखीच उमटतात.

२०२०च्या टाळेबंदीत मी वर्ध्याला परत आले आणि इथेच राहिले. नोकरीचं काम घरून चाले. शनिवार-रविवार मी गावातल्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊ लागले. तिथे कपाटं भरून लहान-लहान पुस्तिका होत्या. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, सूतकताई, गावाची स्वच्छता. १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला, १९३६मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती आली, गांधीजी सेगावला राहायला गेले. त्या काळात या गावात जेवढं छापलं गेलं, तेवढं या आकाराच्या दुसऱ्या गावात क्वचितच कुठे छापलं गेलं असेल. कागद आता बोट लावलं की तुटतो. ग्रंथालयातल्या काकांची इच्छा एवढीच होती की पानं स्कॅन व्हावीत आणि त्यांतला मजकूर शोधता यावा. ‘घाणी’ असं टाइप केलं की घाणीची सगळी पानं समोर यावीत.

त्यासाठी मी टेसरॅक्ट घ्यायचं ठरवलं. चित्रातली अक्षरं ओळखणारा हा प्रोग्राम १९८०च्या दशकात एचपी कंपनीत सुरू झाला, २००५मध्ये खुला झाला, आणि त्याला मराठी वाचता येते. पण आमच्या पुस्तिकांनी त्याची पंचाईत केली. त्यांतल्या अनेकींत ‘इ’, ‘ई’, ‘उ’, ‘ए’ ही अक्षरंच नव्हती. त्यांच्या जागी ‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अे’ छापलं होतं. काका कालेलकरांच्या पुढाकाराने झालेल्या नागरी लिपीसुधारणेतली ही अ-ची बाराखडी, वर्ध्याच्या समितीने ती वापरात आणली होती. मराठीत सावरकरांनीही तिचा आग्रह धरला होता. स्वर वेगळे छापायचे नाहीत, एका ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांटी लावायची, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी होतात. आजच्या मराठीवर शिकलेल्या टेसरॅक्टला ‘अितिहास’ हा शब्द कधी दिसलेलाच नव्हता. त्याला तो शिकवायला हवा होता, आणि शिकवण्याची साधनं सोर्समधून स्वतः बिल्ड करायला हवी होती.

ग्रंथालयात मिळालेला संगणक कुठल्यातरी ऑफिसने देऊन टाकलेला. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरचा घरघराट, आणि दुपारी दोन वाजले की लाईन जायची. पहिल्याच दिवशी, लाईन परत आल्यावर, मी कॉन्फिगर चालवलं आणि ते चौथ्या-पाचव्या तपासणीतच थांबलं. त्याचं म्हणणं असं होतं की नुकतीच तयार केलेली फाइल पॅकेजमधल्या फायलींपेक्षा जुनी आहे, संगणकाचं घड्याळ तपासा.

वाचायला विचित्र वाटतं, पण त्यात अर्थ आहे. कोणती फाइल नव्याने बनवायची हे ‘मेक’ तारखांवरून ठरवतं. सोर्स बदलला असेल तर त्याची तारीख नवी, मग त्यावरून बनलेली फाइल जुनी झाली, ती पुन्हा बनवायची. घड्याळच मागे असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून कॉन्फिगर सुरुवातीलाच एक फाइल बनवून तिची तारीख पॅकेजमधल्या फाइलीच्या तारखेशी ताडून पाहतं. आमच्या संगणकात मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल मेलेला होता. लाईन गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. खोलीत इंटरनेट नव्हतं, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्तही होत नव्हती. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बसवला, तारीख लावली. पुढची तपासणी सुरू झाली.

त्या दिवशी मला त्या स्क्रिप्टबद्दल आदर वाटला. हे लिहिणाऱ्याने कित्येक वर्षांपूर्वी कुठेतरी बसून विचार केला होता की कोणाच्या तरी संगणकातला सेल मेलेला असेल. बाकी काही तपासण्याआधी स्वतःच्या पायाखालची जमीन तपासायची, ही शिस्त त्याने स्क्रिप्टमध्ये घातली होती.

पुढचा अडथळा लेप्टोनिका या लायब्ररीचा. टेसरॅक्ट चित्रं वाचतं ते तिच्या आधारे. यंत्रावर तिची फार जुनी आवृत्ती होती, म्हणून मी नवी बिल्ड केली. ॲडमिनचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, तेव्हा ती माझ्या होम फोल्डरमध्येच ठेवली. मग टेसरॅक्टचं कॉन्फिगर चालवलं, तर ते म्हणालं, लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची हवी. मी आत्ताच तर तिला माझ्या हाताने बसवलं होतं!

इथे नवशिक्याचा पाय हमखास घसरतो. तो लायब्ररी पुन्हा डाउनलोड करतो, पुन्हा बसवतो, मग संगणकच फॉरमॅट करायला निघतो. मी हे पुण्यात अनेकदा पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतः केलंही आहे. खरी गोष्ट अशी की कॉन्फिगर लायब्ररी स्वतः शोधत नाही, ते पीकेजी-कॉन्फिग या मदतनीस प्रोग्रामला विचारतं. तो ठरावीक फोल्डरांमध्ये जाऊन प्रत्येक लायब्ररीची एक चिठ्ठी पाहतो. त्या चिठ्ठीत आवृत्ती आणि पत्ता असतो. माझी चिठ्ठी माझ्या होम फोल्डरमध्ये होती आणि तिथे पाहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पीकेजी-कॉन्फिग-पाथ या नावाने तो पत्ता एका ओळीत कळवला आणि ‘नो’चं ‘येस’ झालं. पाहुणा जुन्या घराचं दार वाजवून परत जावा आणि आपण नव्या घरात त्याची वाट पाहत बसावं, तसं हे. नसणं आणि न सापडणं यांत केवढं अंतर असतं!

कॉन्फिगर शेवटपर्यंत गेलं. मेक चाललं. टेसरॅक्ट उभं राहिलं, आणि मी शिकवण्याची साधनं बिल्ड करायला गेले तर एकच ओळ उमटली की प्रकल्प पुन्हा कॉन्फिगर करा. मी मागे जाऊन पडद्यावरचा सगळा मजकूर वाचला. तीन-चारशे ओळींच्या मधोमध कॉन्फिगरने सांगून ठेवलं होतं की आयसीयू नाही, पॅन्गो नाही, त्यामुळे शिकवण्याची साधनं बिल्ड होणार नाहीत. ती चूक म्हणून आलेली नव्हती, सूचना म्हणून आलेली होती, आणि स्क्रिप्ट न थांबता पुढे गेली होती. आयसीयू युनिकोडची अक्षरं हाताळते आणि पॅन्गो ती मांडते. मराठीला, आणि त्यातही आमच्या ‘अि’ला, नेमकी यांचीच गरज. कामाची सगळी मदार ज्यांच्यावर, त्यांचं नसणं सगळ्यात हलक्या आवाजात सांगितलं गेलं होतं. तेव्हापासून मी शेवटची ओळ पाहून समाधान मानत नाही. बिल्ड झालं हे पुरेसं नाही, काय काय वगळून झालं हे वाचावं लागतं.

वाचायचं कुठे, तर कॉन्फिग-लॉग या फाइलमध्ये. पडद्यावर फक्त ‘नो’ दिसतं, लॉगमध्ये सगळी कहाणी असते. कोणता प्रोग्राम करून पाहिला, कंपायलरला कोणत्या शब्दांत दिला, तो काय म्हणाला, आणि फसलेला तो इवलासा प्रोग्राम ओळीमागून ओळ. लॉग हजारो ओळींचा असतो म्हणून लोक तो उघडत नाहीत. पण तो वरून खाली वाचायचा नसतोच. ज्या तपासणीचं उत्तर चुकीचं वाटतं, तिचं नाव शोधायचं आणि तिथल्या वीस ओळी वाचायच्या.

हे लॉगचं महत्त्व मला सगळ्यात जास्त कळलं ते २०२४च्या पावसाळ्यात. ग्रंथालयाला एक नवा संगणक मिळाला होता आणि त्यावर नवीन जीसीसी कंपायलर होता, १४वी आवृत्ती. स्कॅन केलेल्या पानांवरचे डाग पुसायला मी एक छोटा जुना प्रोग्राम वापरत असे. तो नव्या यंत्रावर बिल्ड झाला, पण टिफ फायली घेईना. कॉन्फिगर म्हणत होतं, टिफची लायब्ररी ‘नो’. मी चिठ्ठीचा पत्ता पाहिला, तो बरोबर. लायब्ररी पुन्हा बसवली. तरी ‘नो’. संध्याकाळ त्यातच गेली. मग मला धुऱ्यावर बसलेला तो शेतकरी आठवला आणि मी वायरींची टोकं एकमेकांना टेकवली. म्हणजे त्या प्रोग्रामची तपासणी मी अशा लायब्ररीवर चालवली, जी त्या यंत्रावर असल्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. सी भाषेची स्वतःची लायब्ररी. तिच्याबद्दलही तपासणी म्हणाली ‘नो’. बल्बच गेलेला होता.

लॉग उघडला तेव्हा कारण समोर आलं. ती तपासणी प्रोग्रामच्या लेखकाने फार पूर्वी हाताने लिहिली होती. मेन फंक्शन काय परत देतं हे न सांगता, आणि एक्झिट हे फंक्शन त्याचं हेडर न जोडता. त्या काळी ही पद्धत सर्रास होती. १९९९च्या सी प्रमाणकाने ती बाद ठरवली, पण पुढे पाव शतक कंपायलर ताकीद देऊन चालवून घेत राहिले. जीसीसी १४ने ती चूक म्हणून थांबवायला सुरुवात केली. कंपायलरचं बरोबरच होतं. पण त्यामुळे जुन्या पॅकेजांतल्या अशा तपासण्या टिफपर्यंत पोचायच्या आधीच पडू लागल्या, आणि कॉन्फिगर त्या पडण्याचा अर्थ ‘टिफ नाही’ असा लावू लागलं. मी तपासणीतल्या दोन ओळी दुरुस्त केल्या, ऑटोरिकॉन्फने स्क्रिप्ट नव्याने बनवली, आणि टिफ ‘येस’ झालं. जगभर अनेक लिनक्स वितरणांच्या लोकांनी त्या काळात हेच काम कितीतरी पॅकेजांवर बसून केलं. ते कोणाच्या नजरेत येत नाही. पण त्यांनी ते केलं नसतं, तर कित्येक प्रोग्राम एखादा अवयव गमावून बिल्ड झाले असते आणि ते कोणाला कळलंही नसतं.

त्याच वर्षी २९ मार्चला एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजमधला घातपात उघडकीला आला होता. आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रावर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो. त्या अर्ध्या सेकंदाचा त्याने पाठपुरावा केला, तो थेट बिल्डच्या साधनांपर्यंत जाऊन पोचला. विश्वास मिळवलेल्या एका देखभालकर्त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यात एक बदललेली एम४ फाइल घातली होती. ऑटोकॉन्फ ज्या भाषेतल्या सूचनांवरून कॉन्फिगर बनवतं, तीच ही भाषा. सर्वांना दिसणाऱ्या सोर्सच्या भांडारात ती फाइल नव्हती, फक्त वाटायच्या गठ्ठ्यात होती, आणि बिल्ड होताना तिच्यामुळे चोरदरवाजा आत बसत होता. त्याच पॅकेजच्या, सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनासाठी लिहिलेल्या तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली. एका ओळीवर एकटा पूर्णविराम. त्या टिंबामुळे तो इवलासा प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नव्हता, तपासणी नेहमी ‘नाही’ म्हणणार होती, आणि लिनक्सचं लँडलॉक हे संरक्षण मुकाट्याने बंद राहणार होतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. इथे बल्ब आपोआप गेला नव्हता, कोणीतरी तो मुद्दाम सैल करून ठेवला होता. आणि ‘नाही’ हे उत्तर इतकं रोजचं, इतकं साधं, की त्याच्याकडे वळून पाहायची कोणाला गरज वाटली नाही. आम्ही बिल्ड करणारे लोक ‘येस’ आलं की संशय घेत नाही हे समजण्यासारखं आहे. पण ‘नो’ आलं तरी आम्ही त्याला कारण विचारत नाही, लायब्ररी बसवतो किंवा ते अंग सोडून देतो. त्या रात्रीपासून मी एक वही केली. प्रत्येक अनपेक्षित ‘नो’साठी तीन रकाने. कशाला ‘नो’ म्हणालं. काय करून पाहिल्यावर म्हणालं. आणि असलेल्या गोष्टीलाही ते ‘नो’ म्हणतं का.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा प्रोजेक्टसाठी ग्रंथालयात येऊ लागला. आर्वीजवळच्या गावचा, शांत, पुस्तिकांची पानं उलटताना दोन्ही हात वापरणारा. मी त्याला वही दाखवली, रकाने समजावले, आणि शिकवण्याचं काम त्याच्यावर सोपवलं. अक्षरं शिकवायची तर नमुन्याचा मजकूर फॉन्टमध्ये मांडून त्याची चित्रं बनवावी लागतात. त्यासाठी जुन्या खिळ्यांशी जुळणारा एक देवनागरी फॉन्ट त्याने निवडला होता.

एका रविवारी मी घरी होते. दुपारी त्याचा फोन आला.

“ताई, फॉन्ट सापडत नाही म्हणते. नाव बरोबर आहे, दोनदा पाहिलं.”

मी म्हणाले, “फाइल आहे ना जागेवर?”

“आहे. पण ते नंतर पाहिलं. पहिले मी दुसऱ्या फॉन्टचं नाव देऊन पाहिलं. जो रोज वापरतो, पडद्यावर दिसतोय तो. तर म्हणते, तोही नाही. मंग मी समजलो. फॉन्ट नाही असं नाही, शोधायचं फोल्डरच त्याला चुकीचं दिलेलं आहे. आता बरोबर दिलं. चित्रं तयार होत आहेत.”

“मग फोन कशाला केलास?”

“सांगायला,” तो म्हणाला. “‘अि’ नीट उमटला, ताई. वेलांटी अगदी ‘अ’च्या डोक्यावरून आली.”

मामांची गोष्ट मी त्याला तोवर सांगितलेली नव्हती. त्या संध्याकाळी ग्रंथालयात गेले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तिसऱ्या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, “असलेल्या फॉन्टलाही नाही म्हणाले.” मी खुर्ची ओढली आणि त्याला सिरीज बोर्डाची गोष्ट सांगायला बसले.